थांबलात तर बरं

उत्तरा वैरागडे अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आली तेव्हा तिनं बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, असं ती स्वतःच हसत सांगायची. मुलगी नागपूरची. वडील तिथल्या वेधशाळेत नोकरीला. रोज ठरल्या वेळी गच्चीवरून आभाळात फुगा सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत राहायचं, हे त्यांचं काम. लहानपणी उत्तराही त्यांच्या शेजारी मान वर करून उभी राहायची. पुढे तिनं फिजिक्स घेऊन एम.एस्सी. केलं, पेनसिल्व्हेनियातल्या युनिव्हर्सिटीत हवामानशास्त्राला प्रवेश मिळवला आणि १९७८च्या ऑगस्टमध्ये एक सुटकेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन ती येऊन पोचली.

तेव्हा स्टेट कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी म्हणजे स्टेट कॉलेज. चौघी मुली मिळून एक अपार्टमेंट, कॅम्पसच्या बसनं येणं-जाणं, आणि कुणी न्यू जर्सीच्या भारतीय दुकानांकडे निघालं की त्याच्याकडे हिंग नि तूरडाळीची मागणी. पहिल्या दिवाळीला घरच्या आठवणीनं उत्तराचा चेहरा उतरलेला असतानाच निरोप आला की हार्लन्स गॅपच्या सरनोबत डॉक्टरांकडे सगळ्या मराठी विद्यार्थ्यांना फराळाला बोलावलंय.

डॉक्टर प्रताप सरनोबत मूळचे कोल्हापूरचे. पेशानं सर्जन. साठच्या दशकात अमेरिकेत आले, ट्रेनिंग संपवलं आणि बाकीचे मोठ्या शहरांकडे पळत असताना हे मात्र डोंगरांच्या बेचक्यातल्या त्या चिमुकल्या गावात जाऊन राहिले. आवाज असा की दारातून बोलले तर मागच्या अंगणात ऐकू जावा. त्यांच्या पत्नी मालिनीकाकू त्यांच्या अगदी उलट. बोलायच्या कमी, वाढायच्या जास्त. उत्तरा काय शिकते हे कळल्यावर काकांनी तिचं नावच ‘वेधशाळा’ ठेवलं. तेव्हापासून सण असो, आजारपण असो, परीक्षा संपलेली असो, उत्तराचं ते हक्काचं घर झालं. काकांची एकुलती एक मुलगी रुपाली तेव्हा शाळेत होती. ती उत्तराशी इंग्रजीत बोलायची आणि मराठी बोलली तर स्वतःलाच हसू येऊन थांबायची.

काकांना चाळिशी उलटल्यावर विमान चालवण्याचा नाद लागला होता. नाद म्हणायचा, पण त्याला कामाचीही जोड होती. ईरी सरोवराच्या बाजूला एका गावात लहानसं इस्पितळ होतं, तिथे सर्जन नव्हता. काका आठवड्यातून एकदा तिथे ऑपरेशनं करायला जायचे. गाडीनं डोंगर ओलांडत गेलं तर अर्धा दिवस रस्त्यावरच जायचा. हिवाळ्यात तर त्याहूनही जास्त. म्हणून त्यांनी एका इंजिनाचं, चार सीटचं जुनं विमान घेतलं आणि खोऱ्यातल्या धावपट्टीवर ठेवलं. विमानानं तासाभराच्या आत पोचता यायचं.

एका वसंतात ते उत्तराला वर घेऊन गेले. ढगांचा दोन वर्षं अभ्यास केलेली मुलगी तोपर्यंत ढगात कधी शिरली नव्हती. मोठ्या विमानातून येताना खिडकी तिच्या वाट्याला आलीच नव्हती. काकांनी विमान एका पांढऱ्या ढगात घातलं, काचेबाहेर सगळं दुधासारखं झालं, विमान हादरलं, आणि मग एकदम वर लख्ख ऊन. खाली ढगांचा पसारा, त्यावर विमानाची इवलीशी सावली आणि सावलीभोवती रंगीत कडं. उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. काका काही बोलले नाहीत, एरवी बोलल्याशिवाय न राहणारा माणूस. उतरल्यावर फक्त म्हणाले, “आता परीक्षेत लिहिशील ते खरं.”

शिक्षण संपल्यावर उत्तराला स्टेट कॉलेजमधल्याच एका लहान खाजगी हवामान कंपनीत नोकरी लागली. ही कंपनी रेडिओ स्टेशनांना अंदाज द्यायची, बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ कधी टाकायचं ते नगरपालिकांना सांगायची, आणि लहान विमानांचे जे मालक वर्गणीदार होते त्यांना निघण्याआधी फोनवर वाटेतलं हवामान सांगायची. उत्तराला हा फोन मिळाला. तिचा बॉस वॉल्टर हेस हा दाढीवाला, शांत माणूस. त्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की वैमानिकाला कधी ‘बघा तुम्हीच’ असं सांगायचं नाही. हवा वाईट असेल तर एक ठरलेलं वाक्य होतं, ते जसंच्या तसं म्हणायचं: आमच्या मते आज या मार्गानं उड्डाण करू नये. बस. त्याउपर जायचं की नाही ते वैमानिकानं ठरवायचं.

इंग्रजीत हे वाक्य उत्तराला अजिबात जड गेलं नाही. इंग्रजीत ती वेगळीच होती म्हणा ना. तिच्या बापाच्या वयाचे वैमानिक कुरकुर करायचे, थट्टा करायचे, आणि ही सरळ, कोरड्या आवाजात ते वाक्य म्हणून मोकळी व्हायची. पण काका वर्गणीदार झाले आणि त्यांचा पहिला फोन आला, तो मराठीतच. ऑफिसातल्या सगळ्यांना त्याची गंमत वाटायची. वॉल्टरही दारात उभा राहून न समजणारं ते बोलणं ऐकायचा. फोन टेप व्हायचे, नवीन माणसांना शिकवायला म्हणून. पण मराठी टेपा कोण ऐकणार होतं?

आणि मराठीत ते वाक्य उत्तराच्या तोंडून कधी निघालंच नाही. तिनं टाळलं असंही नाही. तिला ते सुचायचंच नाही. ज्यांच्या घरी तापात पडल्यावर मऊ भात खाल्ला त्या माणसाला ‘तुम्ही आज जाऊ नये असं आमचं मत आहे’ हे कसं म्हणणार? ती म्हणायची, काका, आज जरा कठीणच दिसतंय. काका, उद्या गेलात तर नाही का चालणार? आणि काकांना ते कळायचं. कित्येकदा त्यांनी हसून फोन ठेवला होता आणि गाडी काढली होती.

१९८५च्या जानेवारीत थंडीची मोठी लाट आली. शेवटच्या आठवड्यात सरोवरावरून येणारा वारा डोंगरांवर चढत होता, आणि त्या वाऱ्याबरोबर ढगांचे पट्टे येत होते. त्या सकाळी उत्तरानं नकाशे पाहिले तेव्हाच तिच्या कपाळावर आठी पडली होती. थर्मामीटरचा पारा कुठल्या कुठे खाली गेलेला, तरी त्या ढगांतलं पाणी गोठलेलं नव्हतं. असे थेंब विमानाला शिवले की तिथल्या तिथे बर्फ होतात आणि पंखांवर चढत जातात. विमान जड होतं, पंखांचा आकार बिघडतो, आणि मग ते वर धरून ठेवता येत नाही. मोठ्या विमानांना तो बर्फ झटकायची सोय असते. काकांच्या विमानाला नव्हती.

काकांचा फोन आला तेव्हा उत्तराच्या हातात कॉफी होती.

“काय वेधशाळा, काय म्हणतंय तुझं आभाळ?”

तिनं सगळं सांगितलं. ढग डोंगरमाथ्यांना टेकलेत. ते सात-आठ हजार फुटांपर्यंत आहेत. त्यांच्यावर ऊन आहे. सकाळी दोन मोठ्या विमानांनी बर्फ धरल्याचं कळवलंय. मग ती म्हणाली, “काका, बर्फ धरेल असं वाटतंय. दुपारपर्यंत थांबलात तर बरं होईल.”

“दुपारी माझा पेशंट टेबलावर हवा गं. एकदा पुढे ढकललंय त्या बाईचं. वर ऊन आहे म्हणालीस ना?”

“वर आहे. पण वर पोचेपर्यंतचंच...”

“तेवढं निघून जाईल. दहा मिनिटांचं तर काम.”

मग उत्तरा म्हणाली, “मग जपून जा हं काका.”

“जपूनच जातो मी. रविवारी ये जेवायला, काकू वाट बघते.” आणि फोन ठेवला गेला.

तिनं पुढचा फोन उचलला, त्याच्या पुढचा उचलला. त्या सकाळी तिनं ते ठरलेलं इंग्रजी वाक्य बऱ्याच जणांना ऐकवलं. जेवणाच्या सुमाराला एका सरकारी ऑफिसातून फोन आला. हार्लन्स गॅपच्या उत्तरेकडच्या डोंगरांवरचं आत्ताचं हवामान हवं होतं. एका लहान विमानानं चढताना बर्फ धरतोय, वर जाता येत नाही, परत फिरतो, असं कळवलं होतं. त्यानंतर ते विमान ना बोललं, ना रडारवर दिसलं. त्या माणसानं विमानाचा नंबर सांगितला. तो नंबर उत्तराला पाठ होता.

तिनं ढग सांगितले, वारा सांगितला, दृश्यता सांगितली. सगळं नीट, चुकीशिवाय, इंग्रजीत. फोन खाली ठेवला आणि ती वॉल्टरला सांगायला उठली.

संध्याकाळी ती हार्लन्स गॅपला पोचली तेव्हा अंगणात गाड्याच गाड्या होत्या. अमेरिकन शेजारी भाजलेल्या पदार्थांचे कॅसरोल घेऊन आले होते, मराठी मंडळातल्या बायका पोळ्या करत होत्या; जेवणारं कुणीच नव्हतं. मालिनीकाकू दिवाणखान्यात फोनजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. रुपाली आता क्लीव्हलंडला कॉलेजात होती, ती बसनं निघाली होती आणि बस बर्फामुळे मध्येच कुठेतरी अडकली होती. उत्तरा काकूंच्या पायाशी बसली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सकाळी काका कुणाशी बोलून निघाले हे त्यांना माहीत होतं, पण त्या काही विचारत नव्हत्या.

बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, “तिथे वर थंडी किती असेल गं?”

“बरीच असेल काकू.”

“तुला आकडा माहीत असेल.”

उत्तराला आकडा माहीत होता. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या. “शून्याच्या खाली बारा,” ती म्हणाली. “फॅरनहाइट. वारा धरला तर त्याहूनही खाली.”

काकूंनी मान हलवली. “जाड कोट घरीच आहे त्यांचा,” त्या म्हणाल्या. “विमानात अडचण होते म्हणायचे.”

दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला, पण वर काही उडू शकत नव्हतं. स्टेट पोलीस, गावातले स्वयंसेवक, हरणांच्या शिकारीला जाणारे लोक बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल घेऊन डोंगर चढायचे आणि वाऱ्यानं हैराण होऊन परत यायचे. हेलिकॉप्टर तयार होतं, ढग हटायची वाट बघत. आणि ढग कधी हटतील हे विचारायला शोधपथकाचा फोन येत होता तो उत्तराच्याच टेबलावर. वॉल्टरनं तिला घरी जायला सांगितलं. ती गेली नाही. दुसऱ्या कुणाचा अंदाज चुकला तर, ही भीती तिला घरी बसू देईना. आपला चुकला तर, ही भीती तिथे बसू देत नव्हती. तिनं शोधपथकाला सांगितलं की उद्या दुपारी थोडा वेळ आभाळ मोकळं होईल, जास्त नाही. तिच्या आयुष्यात कुठला अंदाज खरा ठरावा म्हणून तिनं इतकी प्रार्थना केली नव्हती.

तो खरा ठरला. ढग हटले आणि हेलिकॉप्टरमधल्या माणसाला डोंगराच्या उतारावर, हेमलॉकच्या झाडीत, तुटलेल्या फांद्यांची एक रेघ दिसली. रेघेच्या टोकाला विमान होतं. खालून शिकारी पोचले. डॉक्टर सीटवरच होते. आदळताक्षणीच संपलं असणार, असं पुढे सगळ्यांनीच सांगितलं, आणि काकूंनी ते ऐकून घेतलं. धावपट्टी तिथून फार लांब नव्हती. काका परत फिरले होते, घराच्या दिशेनं येत होते.

अंत्यविधीला अख्खं हार्लन्स गॅप लोटलं. ज्यांचं अपेंडिक्स काकांनी काढलं होतं ते, ज्यांच्या मुलाचा हात जोडला होता ते, खाणीत काम केलेले म्हातारे. मंत्र म्हणायला भटजी मिळाला नाही. युनिव्हर्सिटीतल्या एका प्राध्यापकांनी जमेल तसे म्हटले. त्या दिवशी जिचं ऑपरेशन व्हायचं होतं त्या बाईला ॲम्ब्युलन्सनं दुसरीकडे नेलं होतं आणि ती बरी झाली होती. तिचा नवरा एवढा लांबून गाडी चालवत आला. टोपी हातात धरून काकूंसमोर उभा राहिला आणि घरी भाजलेला ॲपल पाय ओट्यावर ठेवून तो निघून गेला.

मग टेपची गोष्ट निघाली.

वॉशिंग्टनहून तपासासाठी केसलर नावाचे गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, सौम्य बोलणारे. विमान पडलं की वैमानिकाला हवामान कुणी आणि काय सांगितलं हे बघायचंच असतं, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष एवढंच, की ती टेप त्यांना कळत नव्हती. त्यांनी उत्तराला वाक्यावाक्याचं भाषांतर करायला सांगितलं आणि मोकळेपणानं हेही सांगितलं की दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या एका मराठी प्राध्यापकांकडूनही ते करून घेऊन दोन्ही शेजारी ठेवून पाहणार आहोत.

आदल्या दिवशी कंपनीच्या वकिलाचा तिला फोन आला होता. त्यानं खोटं बोल असं काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता की प्रत्येक भाषेत नाही म्हणायची आपली रीत असते, आणि तुझ्या भाषेत ते वाक्य म्हणजे स्पष्ट नकारच असेल, नाही का? तसं असेल तर तसंच लिहायला काय हरकत आहे? उत्तरा रात्रभर त्याचा विचार करत राहिली. कारण वकील म्हणत होता ते एका परीनं खरं होतं.

वॉल्टरच्या खोलीत टेप सुरू झाली. काकांचा आवाज खोलीभर झाला. उत्तरानं ढग, उंची, बर्फाच्या खबरा, सगळं सांगितलं. मग ‘थांबलात तर बरं होईल’ आलं. केसलरनी टेप थांबवली.

ती म्हणाली, “दुपारपर्यंत तुम्ही थांबलात तर चांगलं होईल.”

“चांगलं होईल,” केसलर म्हणाले. “म्हणजे सूचना. मनाई नव्हे.”

“शब्द तेवढेच आहेत. पण आमच्यात मोठ्या माणसाला मनाई अशीच करतात.”

“त्यांना ती मनाई वाटली असेल?”

वॉल्टर खिडकीबाहेर बघत होता. “बहुतेक वेळा वाटायची,” ती म्हणाली. “त्या दिवसाचं मला सांगता येणार नाही.”

केसलरनी ते लिहून घेतलं आणि टेप पुढे चालवली. शेवटचं वाक्य आलं. उत्तरानं तेही सांगितलं. केसलरनी पेन खाली ठेवलं आणि खरोखर न समजल्यासारखं विचारलं, “म्हणजे धोका सांगून झाल्यावर तुम्ही त्यांना जा म्हणालात?”

‘जपून जा’ हे दारातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाला म्हणतात, त्यात परवानगी नसते, काळजी असते, हे तिनं समजावून सांगितलं. पण सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की त्यात ‘जा’ हा शब्द आहे खरा. इतकी वर्षं ती तो म्हणत आली होती आणि तिला तो कधी ऐकू आला नव्हता.

काही आठवड्यांनी मालिनीकाकूंनी निरोप पाठवला की त्यांना ती टेप ऐकायची आहे. केसलरनी एक कॅसेट करून दिली. उत्तरा ती घेऊन गेली. वाटेत तिनं दोनदा गाडी कडेला घेतली. रुपाली घरी होती. तिनं ते सेमिस्टर सोडलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि तिघी बसल्या.

काकांनी ‘काय वेधशाळा’ म्हटलं तशी काकूंनी पदर तोंडाला लावला. ‘काकू वाट बघते’ पर्यंत त्या हलल्या नाहीत. टेप संपली. रुपालीला निम्म्याहून जास्त कळलं नव्हतं. तिनं आईला इंग्रजीत विचारलं, “हिनं बाबांना नको म्हणून सांगितलं की नाही सांगितलं?”

“सांगितलं,” काकू म्हणाल्या.

“कोणत्या शब्दांत?”

काकूंनी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. रुपाली ऐकत राहिली. मग ती उत्तराकडे वळली. तिच्या आवाजात राग होता, पण आरडाओरडा नव्हता. “तू बाकीच्यांना सरळ सांगतेस. तुझ्या ऑफिसात मी तुला ऐकलंय. त्यांना का नाही सांगितलंस?”

“ते काका होते म्हणून,” उत्तरा म्हणाली.

“मग बाकीचे वाचले कारण तुझं त्यांच्यावर प्रेम नव्हतं,” रुपाली म्हणाली आणि उठून वर गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग दार लागलं. काकू तिच्या मागे गेल्या नाहीत. उत्तराचीही समजूत घातली नाही. टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून त्यांनी कॅसेट काढली, हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, “तिला वेळ लागेल. मलाही लागेल, उत्तरा. तू मात्र यायची थांबू नकोस.”

तपासाचा निकाल आला त्यात वैमानिकानं माहिती असूनही बर्फाच्या ढगांत विमान नेलं, असं कारण दिलं होतं. हवामान सांगणाऱ्यानं धोका कळवला होता, पण उड्डाण करू नये असं स्पष्ट म्हटलं नव्हतं, हेही एका ओळीत होतं. कुणी उत्तराला कामावरून काढलं नाही. कुणी कोर्टातही गेलं नाही. वॉल्टरनं नियम केला की यापुढे वैमानिकांशी फक्त इंग्रजीत बोलायचं. तसा तो नियम पाळायची वेळ पुन्हा आलीच नाही. दुसरा मराठी वैमानिक त्या भागात नव्हता.

मंडळात मात्र कुजबुज झाली. कुणी म्हणे, पोरीनं अडवायला हवं होतं. कुणी म्हणे, डॉक्टर कुणाचं ऐकणारे होते का? उत्तरा गणपतीला गेली तेव्हा तिच्याशी सगळे नीट बोलले, आणि ती प्रसादाची वाटी हातात घेऊन कोपऱ्यात उभी असताना तिच्या लक्षात आलं की सगळे जरा जास्तच नीट बोलताहेत.

ती बदलली. घरातल्यांशी, मैत्रिणींशी, सगळ्यांशीच ती आता तोडून बोलायची. नागपूरहून आईनं फोनवर एका स्थळाबद्दल विचारलं, तर तिनं ‘नाही’ एवढाच शब्द उच्चारला आणि विषय बदलला. फोनवर वैमानिक आले की ठरलेलं वाक्य ती पहिल्यांदा म्हणायची आणि बाकीची माहिती मागून द्यायची. काहींनी वॉल्टरकडे तक्रार केली की ही बाई साधं आभाळ भरून आलं तरी उडू देत नाही. त्यात तथ्य होतं. तिचे अंदाज बिघडले होते. तिला जिकडेतिकडे बर्फच दिसत होता. ते ताळ्यावर यायला दोन हिवाळे जावे लागले.

रविवारी मात्र ती हार्लन्स गॅपला जात राहिली. रुपाली कॉलेजला परत गेली होती. सुट्टीत घरी असली तर कधी खाली यायची, कधी नाही. एकदा तिनं उत्तराच्या गाडीच्या काचांवरचा बर्फ खरवडून ठेवला होता.

१९८७च्या डिसेंबरात एका वैमानिकाचा फोन आला. म्हातारा, लाकडाचा व्यापारी, तिला चांगला ओळखणारा. हवा वाईट होती. यावेळी अंदाजात भीती नव्हती, नकाशाच तसा होता. उत्तरानं स्पष्ट सांगितलं, जाऊ नका. त्यानं का म्हणून विचारलं. तिनं कारण सांगितलं आणि पुन्हा म्हणाली, जाऊ नका. तो चिडला, तिला काहीबाही बोलला आणि फोन आपटला. ती तशीच बसून राहिली. कुठलाही फोन वाजला की ती पहिल्या घंटेलाच उचलायची. दुपारी त्याचाच फोन आला. तो सुखरूप उतरला होता. ढगांत एक भगदाड सापडलं, त्यातून आरामात निघालो, तुझं विज्ञान कसं काय आहे, म्हणून तो खदखदून हसला. उत्तरा म्हणाली, फोन केल्याबद्दल आभारी आहे. रिसीव्हर ठेवल्यावर तिनं त्याच्या नावापुढे ‘सुखरूप उतरला’ असं लिहून ठेवलं.

त्या रविवारी मालिनीकाकूंच्या ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ साचला होता. दोघी फावडी घेऊन बाहेर आल्या. काकू साडीवर जाड पार्का कोट नि पायात काकांचे बूट घालून. काम करता करता उत्तरानं त्यांना त्या म्हाताऱ्याची हकीकत सांगितली.

काकू फावड्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. “म्हणजे तू सरळ नको म्हणूनही तो गेला.”

“गेला.”

“मग डॉक्टरही गेलेच असते.”

उत्तरानं फावडं बर्फात रोवलं. हो म्हटलं असतं तर दोघींनाही बरं वाटलं असतं. “माहीत नाही काकू,” ती म्हणाली. “कदाचित थांबले असते.”

“हं,” काकू म्हणाल्या. “मलाही नाही माहीत.” त्यांनी नाक पुसलं, फावडं पुन्हा बर्फात घातलं. रस्त्यापर्यंतचं अर्धं अंतर अजून बाकी होतं आणि चार वाजताच अंधारून यायला लागलं होतं.